मुकादमाचं मनगट

सोमवार, ता. ३

चि. भिंगरीस,

आजीचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे जो तो आपापल्या जागी कुरकुरतो आहे. तुझ्या बापाची कंबर, तुझ्या आईची शिंक आणि इस्त्रीच्या दुकानातलं वाफेचं यंत्र, तिघांचा आवाज सकाळी एकदमच सुरू होतो. तू नीट पोचलीस, खोली बरी मिळाली, उशी तेवढी दगडासारखी आहे, हे फोनवर कळलं. फोन तुझी आई मोठ्या आवाजावर ठेवते, मग सगळं घर एकदम बोलतं आणि माझ्या वाट्याला "आजी, बरी आहेस ना" आणि "हो" एवढंच येतं. म्हणून हे पत्र.

अक्षर बघून ओळखलं असशील. मी सांगतेय आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई लिहितायत. त्यांना बजावून ठेवलंय, ऐकायचं, लिहायचं आणि विसरून जायचं. त्या म्हणाल्या, विसरणं हल्ली जमायला लागलंय. माझं बोलणं सुधारायचं नाही, असंही ठरलंय. तरी पहिल्याच ओळीत 'कुरकुरतो आहे' पुसून 'सुखरूप आहे' करायला निघाल्या होत्या. हात धरला.

मुकादम बरा आहे. कुत्रा असून दुकानाच्या दारात आडवा पडून कोण उशिरा आलं ते बघतो, नाव सार्थ करतो. त्याने गाडीतून उडी मारली आणि पुढच्या पायाचं मनगट गेलं, तेव्हापासून उभा राहिला की तो पाय खाली बसतो, पंजावर टेकायचं ते मनगटावरच टेकतो. हे तुला ठाऊक आहे, पण मास्तरीणबाईंना सगळं मुळापासून लागतं, तेव्हा तूही परत ऐक.

आता माझा गोंधळ ऐक. जनावरांची डॉक्टर झालेली तू आता सांधा दुरुस्त करायला शिकायला गेलीस, असं मी दुकानात येईल त्याला सांगत होते. मागच्या बुधवारी तुझ्या बापाने मला समजावून सांगितलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तो म्हणतो, सांध्याच्या आत जो गुळगुळीत थर असतो, ज्याच्यामुळे सांधा हलतो, तोच खरवडून काढायचा. मग दुसरीकडचा थोडा हाडाचा गर आणून मध्ये भरायचा, वरून पट्टी ठेवून स्क्रू मारायचे, आणि हाडाला हाड चिकटू द्यायचं. म्हणजे सांधा राहतच नाही. दोन हाडांचं एक हाड. आणि याला म्हणे बरं होणं म्हणायचं.

मला एवढंच कळतं की दार अडकलं तर बिजागरीला तेल घालतात, दार भिंतीला खिळे मारून ठोकत नाहीत. बापाला तसं म्हटलं तर तो म्हणाला, आई, दुखतं ते हलल्यामुळे, हलणं गेलं की दुखणं गेलं. हे ऐकायला बरं वाटतं, पण मग जे गेलं त्याचं काय, असं मी विचारलं. तो वाफेच्या यंत्राकडे बघायला लागला.

म्हणून तुलाच विचारते. एकदा जोडल्यावर मुकादमाला कधी वाटलं की नको होतं, तर सोडवता येतं का? त्याची बोटं हलतील की तीही जातील? थंडीत आतलं लोखंड गार पडतं का? पंजा टेकून उठायचं म्हटलं तर उठता येईल का? आणि वय जास्त असेल तर हाड जुळतं का? मुकादम काही म्हातारा नाही, पण विचारून ठेवलेलं बरं.

तू त्याला बांधून दिलेला तो कडक पट्टा, पंजाखाली चमच्यासारखा येतो तो, व्यवस्थित आहे. मधूनमधून धुवायला काढावा लागतो. काळजी करू नकोस.

गुरुवारी मी आणि मास्तरीणबाई डोळे दाखवायला गेलो होतो. डोळे चांगले आहेत.

तुझी,
आजी


रविवार, ता. ९

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं लांबलचक पत्र पोचलं. मास्तरीणबाईंनी एकदा सरळ वाचून दाखवलं आणि एकदा समजावून. दुसऱ्या वेळी तुझ्या वाट्याला आलेल्या पायाच्या गोष्टीपाशी त्या परत मागे जाऊन वाचायला लागल्या.

आधी ते सांगते की मला काय कळलं. पहिले दिवस तुम्ही प्लास्टिकच्या हाडांवर हात बसवलात. मग खरे पाय आले, मेलेल्या कुत्र्यांचे, त्यांच्या माणसांनी शिकायला म्हणून दिलेले. दोघा-दोघांत एक पाय, वर दिवा, बाजूला ड्रिल. हे ऐकून तुझ्या आईने चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, देणारे शहाणे. तुझ्या पायाचं खरवडणं झक्क झालं, भरणं झालं, पट्टी बसली, स्क्रू बसले. आणि मग तुमच्या सरांनी तो पाय टेबलावर उभा धरला, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि तुला विचारलं, "डॉक्टर, हा कुत्रा कुठे निघालाय?" पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. सगळे हसले. तू पण हसलीस, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडलीस.

भिंगरे, आयुष्यभर इस्त्री केली. पँटची घडी वाकडी पडली की मी पाणी मारते आणि पुन्हा इस्त्री फिरवते, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. तेच तुला सांगणार होते. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हाडावर पाणी मारता येत नाही. एकदा धरलं की धरलं. तेव्हा तुला धीर द्यायला बसले आणि माझाच गेला. हे मास्तरीणबाई लिहायला नको म्हणत होत्या. मी म्हटलं लिहा, तिला खोटा धीर ओळखता येतो.

एवढं मात्र खरं की तो पाय चुकण्यासाठीच तुझ्यासमोर ठेवला होता. त्या कुत्र्याला आता कुठे जायचंय.

तुझी उत्तरं मिळाली. सोडवता येत नाही. बोटं हलतात. थंडीत लोखंड जाणवतं कधी कधी. उठता येतं, पण वेगळ्या तऱ्हेने. वय झालं असेल तर वेळ लागतो, पण जुळतं. हे सगळं मी परत परत वाचून घेतलं. मास्तरीणबाई म्हणतात, पाठ झालं असेल आता. 'वेगळ्या तऱ्हेने' म्हणजे कसं, हे तू लिहिलं नाहीस.

शेवटी तू लिहिलंस, "आजी, तू हे मुकादमासाठीच विचारतेयस ना?" त्याचं उत्तर, मुकादम या घरातला आहे आणि त्याची चौकशी करणारी दुसरी कुणी नाही.

पट्ट्याचं विचारलंस. पट्टा आहे. चोवीस तास घालायचा हे तू सांगितलंस, मला आठवतं. पण दुपारी मुकादम गाढ झोपतो, तेव्हा कशाला हवा. तुझ्या आईला इतक्यात नवीन खोड लागली आहे, माझ्या जवळून गेली की नाक मुरडते आणि म्हणते, "सासूबाई, तुमच्या बाहीला कुत्र्याचा वास कसा येतो?" मी म्हटलं, प्रेम करणाऱ्याला येतो. तिचा संशय काही गेलेला नाही.

दुकानात मी आता फक्त कॉलर करते. बाकी यंत्र करतं. कॉलर यंत्राला जमत नाही, टोक मुडपतं. सध्या कॉलरही तुझा बाप करतोय, मी शेजारी बसून चुका काढते. म्हातारपणात बढती मिळाली.

तुझी,
आजी


शनिवार, ता. १५

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि बॅग खाली ठेव.

तुझा काल रात्रीचा फोन मी दाराआडून ऐकला. तू तुझ्या आईला म्हणालीस की मंगळवारी सुटतेस, पुढचे दिवस करत नाहीस. दुसऱ्या पायालाही तुझा हात थरथरला, मुकादमाचं कुणा जाणत्या डॉक्टरकडून करून घेऊ, नाहीतर सरळ पाय काढून टाकू, तीन पायांवर कुत्रे मजेत राहतात. तुझी आई म्हणाली, ये बाळा. तिला तू घरी हवी आहेस, तिचं चुकलं नाही. माझं काही वेगळं आहे.

हे पत्र पोस्टाने वेळेवर पोचणार नाही म्हणून मास्तरीणबाईंचा जावई गाडीने तिकडे येतोय, त्याच्या हाती देते आहे. फोन करणार नाही. फोनवर मला चार भिंती ऐकतात.

तुझ्यापासून एक गोष्ट राखून ठेवली होती, ती एवढ्यासाठी की तू ऐकलीस तर शिकणं टाकून धावत येशील. आता तू तशीही निघालीस, मग राखून उपयोग काय.

त्या गुरुवारी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो नव्हतो. हाडांच्या गेलो होतो. माझं उजवं मनगट, ज्याला मी सगळ्यांना 'जरा धरलंय' म्हणते, ते बरेच दिवस झोपू देत नाही. डॉक्टर तरुण आहे, थकलेला, पण बोलायला गोड. त्याने फोटो काढला, उजेडासमोर धरला. आतला गुळगुळीत थर इस्त्रीने खाऊन टाकलाय, हाड हाडावर घासतंय. मला वाटलं, आता गोळी देईल. तर तो तेच बोलायला लागला जे तुझ्या बापाने मला मुकादमाबद्दल सांगितलं होतं. खरवडायचं, भरायचं, पट्टी, स्क्रू. मला एकदम वाटलं, हा माणूस चुकून आमच्या कुत्र्याचा कागद वाचतोय.

मग तो म्हणाला, "आजी, एकदा जोडलं की मनगट वाकणार नाही. दुखणं जाईल. फक्त कुठल्या कोनात धरायचं ते आधी ठरवावं लागतं. या हाताने तुम्हाला सगळ्यात जास्त काय करायचंय?"

मी म्हटलं, "सगळंच."

तो म्हणाला, "सगळ्याला एक कोन नसतो."

भिंगरे, तेव्हापासून मी भांबावलेय. कुणी आजवर मला विचारलं नव्हतं की हात कशाला हवा. तो होता आणि कामं होती. बाहेर आल्यावर मास्तरीणबाईंनी विचारलं, काय ठरलं, आणि मी त्यांना रस्त्याच्या मधोमध उभं राहून विचारलं की तुम्ही कप कसा धरता. त्यांनी हवेत धरून दाखवला. मागची गाडी भोंगा वाजवत राहिली.

आता पट्ट्याचं. मुकादमाचा पट्टा माझ्या हातात आहे. म्हणजे हातावर आहे, आत्ता, हे सांगतेय तेव्हा. एकदा तो धुवायला काढला होता, वाळत घालताना सहज तळहात त्या चमच्यात ठेवला आणि पट्टे आवळले. हात असा शांत झाला की मी तिथेच पायरीवर बसून राहिले. किती दिवसांनी त्या मनगटाने तोंड मिटलं होतं. मग आमच्या दोघांच्या पाळ्या लागल्या. तो बाहेर फिरतो तेव्हा त्याचा, तो झोपतो तेव्हा माझा. तो एकदा जागा झाला, माझ्या हाताकडे बघितलं, आणि पुन्हा झोपला. त्याच्याइतकं समजूतदार या घरात कुणी नाही. त्याला त्रास होऊ दिला नाही, तरी तुझी आज्ञा मोडली, रागवायचं तर ये आणि रागव. पण शिकून ये.

कारण मी रिकामी बसले नाही. न वाकणारं मनगट कसं असतं ते मी बघतेय. पट्टा कुत्र्याच्या चालण्यासाठी वळवलेला आहे, पंजा जरा मागे. तसा ठेवला तर इस्त्रीची मूठ मस्त बसते, कॉलर सुद्धा झाली, तुझ्या बापाला वाटलं त्यानेच केली. पण चहा प्यायला गेले तर कप कानाकडे निघाला. मग आत रुमालाची घडी घालून बघितली, की हात थोडा सरळ यावा. एक घडी, दोन घड्या. दोन घड्यांना कप तोंडाशी येतो, पण इस्त्री हातातून निसटते. एका घडीला दोन्ही अर्धं अर्धं जमतं. जमिनीवरून उठायला तळहात टेकवतो तो कुठल्याच घडीला टेकत नाही, मूठ टेकवून उठावं लागतं. तुझं 'वेगळ्या तऱ्हेने' कळलं मला. आणि एक काम असं आहे, सकाळचं, दार लावून करायचं, ज्यात तांब्या उजव्यानेच धरावा लागतो आणि कोन फार महत्त्वाचा ठरतो. ते मास्तरीणबाई लिहायला तयार नाहीत. तू डॉक्टर आहेस, समजून घे.

एवढं सगळं करून माझं काही ठरलेलं नाही. सकाळी वाटतं जोडून टाकावं. दुपारी वाटतं, दुखतं तर दुखू दे, निदान वाकतं तरी. मुकादमाचं बरं आहे, त्याला कुणी विचारत नाही. मग वाटतं, त्याला कुणी विचारत नाही म्हणूनच तर त्याच्यासाठी विचार करणारं माणूस नीट शिकलेलं हवं. नाहीतर तो उरलेलं आयुष्य कुठे निघालाय ते त्याला सांगणार कोण.

मी तुला माझा हात जोड म्हणत नाहीये. तो त्या डॉक्टरचा धंदा आहे. तुझ्याकडून मला दुसरं हवंय. तू आधी मुकादमाचं कर. माझ्या डोळ्यांदेखत कर. हात थरथरला तर थरथरू दे, तुझ्या बापाने पहिला कोट इस्त्री केला तेव्हा तो बाहीत हात घालून रडला होता, विचार त्याला. मग मुकादम कसा उठतो, पायऱ्या कशा चढतो, दारात आडवा कसा होतो, ते मी रोज बघेन. आणि मला पटलं तर तू माझ्याबरोबर त्या डॉक्टरकडे चल. तो विचारेल, या हाताने काय करायचंय, तेव्हा उत्तर तू दे.

मला खरंच येत नाही ते. हाताने काय केलं ते हाताच्या मालकिणीला कमी दिसतं, समोरच्याला जास्त दिसतं. तुझी आई दुकानात असायची तेव्हा तू याच हाताखाली होतीस. वेणी घालताना तो कसा वळायचा, तापात कपाळावर कसा पडायचा, आणि तू गरम इस्त्रीला बोट लावायला निघालीस तेव्हा पाठीवर कसा बसला, हे मला आठवत नाही. तुला आठवत असेल. त्यातलं कुठलं राखायचं ते तू सांग, मी तेवढं राखेन, बाकी सोडून देईन.

पण त्यासाठी तुला कोन कळायला हवा. तो तुमच्या त्या सरांकडे आहे, इकडे नाही. तो हसतो तर हसू दे, पाय सरळ उभा राहीपर्यंत त्याच्यासमोरून हलू नकोस.

तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला वास आलाच आहे, तेव्हा पोचेल ती आपणहून.

दर वेळी मास्तरीणबाईच शेवटी आजी असं लिहितात आणि मी मान डोलावते. या वेळी म्हटलं, मी स्वतः काहीतरी देते. त्यांनी शाईची गादी आणली. माझा डावा अंगठा पुढे ओढायला लागल्या, मी उजवा दिला, पट्ट्यासकट. मनगट वळेना, म्हणून कोपर उचलून खांद्यातून दाबला, तेव्हा कुठे कागदाला लागला. तिरपा उठलाय. मास्तरीणबाई म्हणतात, बिघडला, दुसऱ्या कागदावर नीट घेऊ. मी म्हटलं, असाच जाऊ दे. आत रुमालाची एकच घडी होती, हे लक्षात ठेव. उद्या वर्गात तुमचं ते कोन मोजायचं यंत्र यावर धर, आणि घरी येशील तेव्हा मला सांग, ही म्हातारी कुठे निघालीय.

तुझीच,
आजी